चौथा खांब

काका कोणाच्याही घरी गेले की आत यायच्या आधी दार बघत. बघत म्हणजे उघडत, मिटत, पुन्हा अर्धवट उघडत आणि कान देऊन ऐकत. घरचे लोक "या ना काका, आत या" म्हणत उभे, बाहेरची थंडी आत येतेय, हीटर घरघरतोय, आणि काका बिजागरीशी वाकलेले. मग निकाल लागायचा. "वरची बिजागरी थकलीये." किंवा, "दार चांगलंय. माणसं आपटतात."

डेट्रॉइटकडच्या एका मोटार कंपनीत त्यांची सगळी नोकरी मोटारीच्या दारांवर गेली होती. दार मिटताना आवाज कसा यावा, हे ठरवणाऱ्या माणसांपैकी ते एक. निवृत्त झाल्यावर मोटारी सुटल्या, दारं सुटली नाहीत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आले तरी हॉलच्या दाराशीच उभे असायचे. खुर्ची दिली तर म्हणायचे, "बसलं की माणूस पाहुणा होतो."

आम्ही ॲन आर्बरला घर घेतलं ते त्यांच्याच गल्लीत, तीन घरं पलीकडे. पहिल्याच भेटीत त्यांनी आमचं दार पास केलं आणि दाराबाहेरची जागा नापास केली. दार उघडलं की एक उघडी पायरी आणि मग थेट अंगण.

"एकदम जगात ढकलतोस की रे माणसाला," ते म्हणाले. "दार आणि जग यांच्यामध्ये काहीतरी पाहिजे. काय करतोस तू?"

मी सांगितलं. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळांमधले तराजू आणि मोजमापाची यंत्रं तपासतो. तपासून झालं की यंत्रावर चिठ्ठी लावतो, चिठ्ठीवर माझी सही असते. सही असली की तो काटा खरा धरायचा.

"म्हणजे कॅलिब्रेशन," काका म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं. गल्लीच्या टोकावरून हाक यायची, "ए कॅलिब्रेशन!" माझी बायको हसायची. मला विशेष हसू येत नसे, पण मी ओ देत असे.

पुढचा हिवाळा वाईट गेला, त्यांचाही आणि आमचाही. आमच्या छपरावरचं बर्फ घसरून नेमकं दारापुढे पडायचं, वितळायचं आणि पुन्हा गोठायचं. त्यावरून माझी बायको घसरली आणि तिचं मनगट मोडलं. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. पार्सिपनीहून त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद आला. मिलिंद माझ्याच वयाचा, इथेच जन्मलेला, मराठी समजतं पण बोलताना अर्धं इंग्रजीत. सगळं आवरल्यावर तो वडिलांना म्हणाला, "बाबा, चला आता. देअर इज अ रूम फॉर यू. खालीच आहे, पायऱ्या नाहीत."

काका म्हणाले, "येईन. पण हातात एक काम आहे, ते पुरं करून येतो."

"काय काम?"

काकांनी खिडकीतून बाहेर बघितलं. त्यांना आमचं घर दिसलं असावं. "याचा पोर्च बांधायचाय," ते म्हणाले. "बायकोचं मनगट मोडलंय याच्या."

मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होतो. माझा पोर्च बांधायचा आहे हे मला तिथे कळलं. मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. ज्याची आई नुकतीच गेली आहे अशा माणसासमोर, ज्याची बायको नुकतीच गेली आहे त्या माणसाला खोटं पाडायचं, हे मला जमलं नाही. आणि पोर्च हवाच होता. मी मान हलवली. या पोर्चचं जे काही पुढे झालं ते सगळं त्या मान हलवण्यातून निघालं.

मी एका ठेकेदाराला विचारलं होतं. तो औषध मारलेल्या पाइनचा पोर्च आठवड्याभरात उभा करून देणार होता. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यापेक्षा दारात छत्री घेऊन उभा राहा. ओक लागेल. ओला ओक. आणि एकही खिळा नाही."

निवृत्तीनंतर काका आणि काकू एका जुन्या शेतावर जाऊन धान्याच्या कोठारांसारखी लाकडी बांधणी शिकून आले होते. म्हणजे काका शिकले. काकू डबा घेऊन जायच्या आणि झाडाखाली विणत बसायच्या. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारी जीभ काढायची आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी ठोकायची. लाकूड ओलं असतानाच हे करायचं, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. मग ते सांध्यात बसल्या बसल्या वाळतं, आवळतं, वाकतं आणि एकमेकांना धरून ठेवतं.

"नवराबायकोसारखं," काका म्हणाले.

मी छपराचं वजन, बर्फाचं वजन असं सगळं धरून गणित केलं. खांब सहा इंची पुरेसे होते, तेही भरपूर वाव ठेवून. मी कागद घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आठ इंची घेऊ."

"पण सहा पुरतात काका."

"पुरतात ना. मी कुठे नाही म्हणतो? आठ घेऊ."

"का पण?"

"दिसायला बरे."

दिसायला बरं हे कारण मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं.

लाकडाच्या गिरणीवाल्याकडे पांढऱ्या ओकचे आठ इंची खांब तीनच निघाले. चौथा तांबड्या ओकचा होता. बाहेरच्या कामाला पांढरा चांगला, हे गिरणीवाला स्वतःच सांगत होता, आठवडाभर थांबा म्हणत होता. काका म्हणाले, "तांबडा चालेल. आडोशाच्या कोपऱ्यात लावू."

उभारणीच्या दिवशी विद्यापीठातली मराठी मुलं बोलावली होती. पोहे आणि जिलबी एवढ्यावर ती तुळया उचलायला तयार होती. काका मधोमध उभे राहून ओरडत होते, "उचल! थांब! अरे नागपूर, तू खाली सोडलंस की पुणं मरेल!"

"काका, पुणं मरत नाही," खालून एक जण म्हणाला, "फक्त दुपारी बंद असतं."

"हसू नकोस रे यार, तुळई माझ्या पायावर आहे!"

तुळई बसली. चहा झाला. चहा पिताना काकांनी तांबड्या ओकचा एक वीतभर तुकडा उचलला, त्याचं एक टोक कपातल्या चहात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकर मारली. चहाला बुडबुडे आले. मुलं ओरडली, "परत, काका, परत!"

"तांबडा ओक म्हणजे नळ्यांची मोळी," काका म्हणाले. "वारा जातो, पाणीही चढतं. पांढऱ्याच्या नळ्या बुजलेल्या असतात. म्हणून पिंप पांढऱ्याचं करतात. तांबड्याचं केलंस तर दारू रस्त्यावर."

मीही फुंकर मारून बघितली. खरंच जात होती. मी ते लक्षात ठेवलं, जसा मी सगळ्या मोजता येण्यासारख्या गोष्टी लक्षात ठेवतो, आणि त्याचा पुढे काही उपयोग होईल असं मला वाटलं नाही.

पोर्च बांधायला एक उन्हाळा लागला. सांभाळणं अजून चाललंय. त्याबद्दल मला कुणी आधी काही सांगितलं नव्हतं. दर वसंतात तेल लावायचं. पन्हळीतली पानं काढायची. खांब ज्या दगडांवर उभे आहेत त्यांच्याभोवती माती साचू द्यायची नाही. खुंट्या बघायच्या, ढिली झालेली ठोकायची. काका हे सगळं स्वतः करत, पण मला सोबत उभं करून. मी दमून ऑफिसमधून यायचो आणि ते पोर्चवर वाट बघत असायचे. "आलास? शिडी धर."

पहिल्या दिवाळीला बायकोनं आकाशकंदील लावायला सांगितला. मी तुळईत एक खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि खिळ्याखालून तुळईवर काळा ओघळ उतरला, शाईसारखा. लोखंड आणि ओला ओक यांचं पटत नाही, हे मला माहीत नव्हतं. काका आले, त्यांनी ओघळ बघितला, कंदील बघितला, मला बघितलं. कंदिलाचं कौतुक केलं. मग बरेच दिवस मला नुसतं "अहो" म्हणत होते. माणसाला अंतरावर ठेवायची ही त्यांची पद्धत होती. मला पुन्हा कॅलिब्रेशन अशी हाक आली तेव्हा बायको म्हणाली, "सुटलास."

त्या हिवाळ्यात खांब तडकू लागले. ऐन थंडीत बंदुकीसारखा आवाज व्हायचा आणि सकाळी खांबाला उभी चीर दिसायची, बोट जाईल एवढी. मी घाबरलो. वसंत लागताच दुकानातून भरणाचा लगदा आणला आणि एका रविवारी सगळ्या चिरा व्यवस्थित भरल्या, पॉलिश पेपर मारला. मला ते काम आवडलं होतं. सोमवारी घरी आलो तेव्हा काका स्क्रूड्रायव्हरनं सगळा लगदा कोरून काढत होते. पायाशी ढीग पडला होता.

"काका, तडे गेलेत!"

"जाऊ देत ना. ओलं लाकूड तडकतंच. आतलं ओलं, बाहेरचं वाळलेलं, मग काय होणार? तडकलं म्हणजे मोडलं असं नाही रे. तू हे बुजवलंस की पाणी आत कोंडतं. मग कुजतं."

"पण वाईट दिसतं."

"दिसू दे," काका म्हणाले.

मिलिंद दर थँक्सगिव्हिंगला यायचा. जेवण आमच्याकडे असायचं. पोर्च पुरा झाल्यानंतरच्या दुसऱ्या थँक्सगिव्हिंगला तो हातात कॉफी घेऊन पोर्चवर उभा राहिला आणि वर-खाली बघून म्हणाला, "बाबा, इट लुक्स डन टू मी."

"दिसतं झालेलं. लाकूड ओलं आहे अजून."

"सो? ते इथे वाळेल. तुम्ही पार्सिपनीत राहा."

"आणि वाळताना सांधे ढिले पडतील ते कोण बघणार? हा?" काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हा फक्त मोजणार."

"किती वर्षं लागतात वाळायला?"

"लाकूडवाले म्हणतात, वर्षाला एक इंच."

मिलिंदनं खांबाकडे बघितलं. तो वाईट मुलगा नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत मुलगा वाईट असतो असं आपण धरून चालतो. वडील एकटे राहतात, गाडी चालवतात, बर्फ उपसतात, शिडीवर चढतात, आणि आपण विमानाच्या अंतरावर. रात्री फोन वाजला की तो आधी नंबर मिशिगनचा आहे का ते बघत असे, हे त्यानं मला एकदा सांगितलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पार्सिपनीहून माझ्या नावानं एक खोका आला. आत लाकडाची ओल मोजायचं यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. दोन सुया खांबात खुपसायच्या, आकडा दिसतो. मागोमाग मिलिंदचा फोन. "यार, तू मोज. मी वाचलंय, अठरा टक्क्यांच्या खाली आलं की ड्राय. बाबा माझं ऐकत नाहीत. बट ही वोंट आर्ग्यू विथ युअर नंबर."

मी यंत्र काकांना दाखवलं. मला वाटलं, चिडतील. "लाकडाला थर्मामीटर लावतोस?" एवढं म्हणाले. मग बराच वेळ ते हातात धरून उलटसुलट करून बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच मिलिंदला फोन लावला.

"ठीक आहे. दर ऑक्टोबरला हा मोजेल. चारही खांब. चारही अठराच्या खाली आले की मी बॅग भरतो."

"शब्द, बाबा?"

"शब्द. हा आकड्यात खोटं बोलत नाही. तुलाही माहितीये, मलाही."

दोघांनी माझ्यावर विश्वास टाकला. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात दर ऑक्टोबरला, पानं पडायला लागली की, मी मोजणं एकेक दिवस पुढे ढकलत असे. नोकरीत मी ज्या यंत्रांवर सही करतो त्यांच्या आकड्यावर कुणाचं घर अवलंबून नसतं. असलं तरी मला माहीत नसतं.

पहिल्या ऑक्टोबरला चारही खांब इतके ओले होते की यंत्राच्या मापाबाहेर. काका खूश. पुढच्या वर्षी आकडे दिसू लागले. मग उतरू लागले, अगदी वहीत काढलेल्या रेषेसारखे. दोन हजार पाचला पहिला खांब अठराच्या खाली आला, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा आणि तिसराही. प्रत्येक वेळी मी आकडा मोठ्यानं वाचायचो, काका मान हलवायचे आणि पुढच्या खांबाकडे जायचे. त्यांची चाल मंद झाली होती. शिडीवर आता मी चढायचो, ते धरायचे.

चौथा खांब मात्र खाली येईना. दोन हजार सहाला तो आदल्या वर्षीपेक्षा वर गेला. एकोणतीस.

लाकूड उलट ओलं होत नाही, कारणाशिवाय. मी आधी यंत्रावर संशय घेतला. तांबड्या ओकचा एक तुकडा प्रयोगशाळेत नेला, त्याचं वजन केलं, भट्टीत वाळवला, पुन्हा वजन केलं. यंत्र खरं होतं. मग पन्हळ बघितली, छप्पर बघितलं, जमिनीचा उतार बघितला. कुठे काही नाही. शेवटी मी चौथ्या खांबाशी खाली बसलो आणि काकूंच्या तुळशीच्या कुंडीकडे माझं लक्ष गेलं.

काकूंनी मिशिगनच्या थंडीत तुळस जगवली होती, हिवाळाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि उन्हाळ्यात बाहेर. त्या गेल्यावर काका ती सांभाळत. पण मी पहिल्यांदा मोजलं त्याच्या पुढच्या वसंतात त्यांनी ती आमच्या पोर्चवर आणली. "घरी एकटी पडते," म्हणाले. ठेवली चौथ्या खांबाला चिकटून, उत्तरेच्या कोपऱ्यात. रोज सकाळी तांब्या घेऊन यायचे आणि पाणी घालायचे. ऑक्टोबरात थंडी पडली की तुळस परत त्यांच्या खिडकीत. मग बर्फ सुरू व्हायचं. आमचा रस्ता उपसायचा हट्ट त्यांचाच असे, आणि उपसलेल्या बर्फाचा ढीग ते दरवर्षी त्याच कोपऱ्यात लावत.

मी कुंडी उचलली. मागच्या बाजूला, खांबाकडे, बुडाशी एक भोक होतं. ड्रिलनं पाडलेलं, कडा साफ केलेल्या. दारांच्या इंजिनिअरचं काम.

मी आत जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, थांबली नाही.

"त्या कोपऱ्यात ऊन येतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग? काकूंनी इथे तुळस जगवली. तुळशीला ऊन लागतं हे काकांना माहीत नसेल असं वाटतं तुला?" मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "मला वाटलं, तुला केव्हाच कळलंय."

मला कळलं नव्हतं. मी कुंडी दक्षिणेकडे उन्हात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत चौथ्या खांबाशी, आणि काका तांब्या घेऊन उभे.

"काका, पाणी खांबाला जातंय."

"तुळशीला घालतोय मी."

"तुळस उन्हात हवी."

"हिला सवय झालीये इथली," ते म्हणाले. "या वयात जागा बदलली की जगत नाहीत."

पाणी कुंडीतून खाली आलं, दगडावरून खांबाच्या बुडात शिरलं. आम्ही दोघं बघत होतो.

"तो तांबडा आहे," मी म्हटलं. "वर चढतं पाणी. कुजेल तो."

"हो. कुजेल." त्यांनी तांब्या उपडा करून झटकला. "सहाच्या जागी आठ आहे, लगेच नाही पडणार. तू गणित केलंयस."

मी खांबाच्या बुडाची ओल बोटानं पुसली. खरं तर मला राग आला होता. माझा खांब, माझं घर, दर वसंतात गुडघ्यावर बसून लावलेलं तेल. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि प्रथमच मला वाटलं की ते माझ्यापेक्षा जास्त दमलेले आहेत.

"तुला खोटं बोलायला लावलं नसतं मी कधी," ते म्हणाले. "तू मीटर लाव. जो आकडा येईल तो सांग. खरा आकडा आहे ना?"

"खरा आहे."

"झालं तर."

ऑक्टोबर संपता संपता मिलिंदचा फोन आला. मी आकडे सांगितले. पहिला सोळा, दुसरा सोळा, तिसरा सतरा. चौथा एकोणतीस.

पलीकडे त्यानं ते लिहून घेतले. मग तो म्हणाला, "चौथा तो रेड ओक ना?"

"हो."

"मी लहान असताना बाबा दुधात बुडबुडे काढून दाखवायचे. रेड ओकच्या तुकड्यातून. आय यूज्ड टू लव्ह दॅट." मग त्यानं विचारलं, "बाबा जेवतात ना नीट?"

"शुक्रवारी आणि रविवारी आमच्याकडे असतात. बाकी स्वतः करतात. चालणं कमी झालंय. पण रोज सकाळी येतात."

"पाणी घालायला."

"तुळशीला," मी म्हटलं.

"ओके," मिलिंद म्हणाला. "देन नेक्स्ट ऑक्टोबर." आणि त्यानं फोन ठेवला.

पुढच्या ऑक्टोबरला एकतीस आला. त्या वर्षी मिलिंद दर महिन्याला यायला लागला. कंपनीचं काम आहे म्हणायचा. ॲन आर्बरमध्ये त्याच्या कंपनीचं काही नव्हतं.

काका दोन हजार आठच्या मार्चमध्ये गेले, त्यांच्या स्वतःच्या घरी, त्यांच्या पलंगावर. आदल्या दिवशी थोडं बर्फ पडलं होतं आणि त्यांनी ते उपसलं नव्हतं. सकाळी तो कोपरा रिकामा दिसला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. किल्ली माझ्याकडे असे. दार उघडताना अजिबात आवाज झाला नाही. त्यांची सगळी दारं तशीच होती.

मेमध्ये मिलिंद घर आवरायला आला. चौथ्या खांबाचं बूड तोवर इतकं मऊ झालं होतं की स्क्रूड्रायव्हर आपल्या वजनानं आत जात होता. मी एका शनिवारी खालचा भाग कापून नवा तुकडा जोडायचं ठरवलं होतं. मिलिंद म्हणाला, "मी पण येतो." तो काकांच्या पटाश्या घेऊन आला. आम्ही मोटारीच्या जॅकनं तुळई तोलून धरली आणि कुजलेला भाग कापून काढला. काळा, ओला, कुबट वासाचा. मिलिंदनं तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, फेकला नाही. मग टेपनं खांबाचं माप घेतलं.

"आठ का घेतला होता?" त्यानं विचारलं.

"मी सहा म्हटलं होतं."

वर्षाला एक इंच. दोघांनीही मनात वजाबाकी केली असणार. मिलिंदनं टेप गुंडाळली.

गिरणीवाल्याकडे गेलो. तो आता म्हातारा झाला होता. पांढरा ओकच हवा, एवढं मी पक्कं सांगितलं. त्यानं विचारलं, भट्टीत वाळवलेला देऊ की ओला? वाळवलेला तडकणार नाही, बसवला की विसरून जाल.

मी मिलिंदकडे बघितलं. दुरुस्तीला वाळलेलंच लाकूड घ्यावं, हे पुस्तकातही आहे आणि मलाही ठाऊक होतं.

"ओला," मिलिंद म्हणाला. मराठीत म्हणाला. गिरणीवाल्याला कळलं नाही, म्हणून मी सांगितलं.

जोड काही फार सुबक झाला नाही. काकांनी नापास केला असता. बायकोनं तुळस दक्षिणेला, उन्हात ठेवली. कुंडीचं भोक मिलिंदनं बुजवलं आणि बरोबर बुडाच्या मध्ये नवं पाडलं. काकांचं घर जूनमध्ये विकलं गेलं. आता तिथे दार आपटणारी माणसं राहतात, आमच्या खोलीपर्यंत ऐकू येतं.

ऑक्टोबरात पानं पडायला लागल्यावर मी यंत्र काढलं. मोजायचं कारण उरलं नव्हतं. कुणाची बॅग भरायची नव्हती. तरी मी चारही खांब मोजले, चौथा शेवटी, आणि मिलिंदला फोन लावला.

त्यानं पहिल्या तिघांचं विचारलंच नाही. "नवा तुकडा?"

"मापाबाहेर," मी म्हटलं. "आकडाच दाखवत नाही."

"गुड," मिलिंद म्हणाला. "थँक्सगिव्हिंगला येतो. शिडी धरायला."